अण्णांना ऐकवायचं गाणं

आमचे हे अंधेरीच्या एका स्टुडिओत आवाजाच्या खात्यात होते. सन छप्पन्न साली तिथे नवी यंत्रं आली, तेव्हा जुना टेपरेकॉर्डर यांनी साहेबांकडून आठ दिवसांसाठी मागून घेतला आणि घाटकोपरला आमच्या दोन खोल्यांत आणून ठेवला. ट्रंकेएवढं धूड! मला वाटलं, चला, घरबसल्या छान छान गाणी ऐकायला मिळतील. कसलं काय! यांनी माइक नेऊन ठेवला तो माझ्या शिवणाच्या मशीनपाशी.

"अहो, याचं काय घेताय?"

"तू नुसती शीव गं, प्रेमा. बोलू नकोस, तुझा आवाज येईल."

बायकोचा आवाज नको नि मशीनचा हवा, असा नवरा माझ्याच नशिबी. मग स्टोव्ह झाला. ते धूड उचलून नाक्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेले, तिथून छापखान्यात, पायानं मारायच्या ट्रेडल छपाईयंत्राचा आवाज घ्यायला. मग ब्लेडनं फीत कापायची, तुकडे चिमटे लावून कपड्यांच्या दोरीवर टांगायचे आणि हवे तसे जोडायचे. माझ्या ओल्या लुगड्यांना जागा नाही.

"याला गाणं म्हणायचं?" मी शेवटी तडकलेच.

"म्हणायचं," हे म्हणाले. "अण्णांसाठी करतोय."

अण्णा म्हणजे माझे सासरे. परळच्या कापडगिरणीत मागांच्या खात्यात तीस वर्षं जॉबर, म्हणजे मुकादम. त्या खडखडाटानं दोन्ही कान गेले. आमचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. लेकाला त्यांनी गिरणीत चिकटवलं होतं, पण हे महिनाभरात सोडून स्टुडिओत गेले. अण्णा रागावले नाहीत. फक्त तू तिथं काय करतोस, हे नऊ वर्षांत एकदाही विचारलं नाही. गावाकडचं कोणी आलं की लेकाबद्दल मालवणीत सांगत, "बाळा खयतरी वायरी उचलता." ते 'कुठंतरी' यांना फार लागायचं. आपण काय करतो ते अण्णांना एकदा तरी कळावं, एवढीच इच्छा. साधं गाणं त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हतं; यंत्रांचं कदाचित पोचेल, असा यांचा हिशेब. सोमवारी टेपरेकॉर्डर परत जायचा होता.

रविवारी सकाळी शेजारच्या कुंदाताईही आल्या. त्या गाणं शिकलेल्या. यांनी फीत लावली. खोटं कशाला बोलू, आधी नुसती कटकट वाटली. मग माझं मशीन भरधाव निघालं, त्यापाठोपाठ पिठाची गिरणी घुमू लागली, मध्येच ट्रेडलचा दणका, आणि माझा पाय आपोआप हलायला लागला.

"छान आहे हो," कुंदाताई म्हणाल्या. "गाणं कधी सुरू होणार?"

यांचं लक्ष फक्त अण्णांकडे. अण्णा सुपारी कातरत खिडकीबाहेर बघत होते. त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. यांनी गुपचूप बटण बंद केलं. यांचा तो चेहरा मला बघवेना. मी तडक अण्णांच्या समोर जाऊन बसले.

"अण्णा, तुमच्यासाठी केलंय त्यांनी. आठ दिवस धड जेवले नाहीत."

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. उठून यंत्रापाशी आले, लाव म्हणून खूण केली आणि खोक्यावर तळवा ठेवून डोळे मिटले. मागांच्या खात्यात कानांचा उपयोगच नसे. कुठल्या मागात काय बिघडलंय ते जॉबर असा हात ठेवून ओळखत. अर्धी फीत झाली नि ते ओरडले, "थांबव!"

आम्ही सगळेच दचकलो.

"ह्यातला एक मशीन उलटा चलता. धक्को आधी येवक व्हयो, थरथर मागसून. हय थरथर आधी येता."

यांनी फीत मागं घेऊन पुन्हा ऐकली. ट्रेडलचा एक तुकडा खरंच उलटा जोडलेला होता, दणक्याच्या आधीच थरथर! यांना कळलं नव्हतं, कुंदाताईंना तर नाहीच. चूक माझी. शनिवारी लुगडं वाळत घालायला मी तुकडे काढले आणि पुन्हा टांगताना हा एक खालीवर झाला. मी तसं कबूलही केलं, पण माझ्याकडे लक्ष कोणाचं! हे हसत होते नि डोळे पुसत होते.

अण्णा खोक्याजवळ जमिनीवर बसले.

"ता जड मशीन खयचा?"

"छापखान्याचं."

"आणि बारीक चलता ता?"

"प्रेमाचं, शिवणाचं."

"ह्या सगळा तू जोडलंस?"

"होय."

कुंदाताई हळूच निघून गेल्या. जेवायची वेळ टळून गेली होती, आमटी गार होत होती. आधी दोन घास खाऊन घ्या, मी म्हटलं. अण्णांनी माझे ओठ बरोबर वाचले आणि हातानंच मला गप्प केलं.

"तुकडो सरळ कर, बाळा," ते म्हणाले. "मी हय बसलंय."