न दिलेलं

हातातलं पत्त्याचं पान टेबलावर उताणं टाकून नागसेन सरांनी डावीकडे मान वळवली आणि पांडुरंगरावांना विचारलं,

"घेऊ काय दोन गुंजा?"

"नाई," पांडुरंगराव म्हणाले आणि आपल्या पुढ्यातला लाल गुंजांचा ढीग त्यांनी हातानं झाकून घेतला.

सुरजनं कपाळावर हात मारून घेतला. डायलिसिस सेंटरमध्ये सकाळची पाळी अजून यंत्रांना लागलेली होती आणि दुसऱ्या पाळीचे हे चौघे व्हरांड्यात ताटकळत होते. नेहमीप्रमाणे सुरजनं पानांची पेटी उघडली होती. हैदराबादला इंजिनिअरिंग शिकताना हॉस्टेलात त्याला या खेळाचं वेड लागलं. अदलाबदल करून, दहा जणांच्या हातापाया पडून त्यानं एकेक पान जमवलं. पुढे किडन्या गेल्या, कॉलेज सुटलं, पानं तेवढी राहिली. खेळ व्हँपायरांचा. आपल्याच वाट्याचं रक्त खर्चून पानांतली पिशाचं उभी करायची आणि त्यांच्याकरवी डावीकडच्याचं रक्त प्यायचं. उजवीकडचा तोवर आपलं पीतच असतो. ज्याचं रक्त संपलं तो डावातून उठला. रक्त म्हणून गुंजा. किडन्या नासलेल्या माणसांनी असला खेळ खेळावा, याचं त्यांना स्वतःला काही वाटत नसे. नर्सबाईंना मात्र तो बघवत नसे.

सर या टेबलावर नवखे होते. जन्मभर हेडमास्तरकी केलेली, त्यामुळे नियम त्यांना पटकन पाठ झाले. अडत होतं ते दुसरीकडेच.

"सर, इथं इचारायचं नसते," उजवीकडून रूपाली म्हणाली. ती तहसील कचेरीत कारकून होती आणि मघापासून निर्धास्तपणे सरांचं रक्त पीत होती. "मी इचारलं काय तुमाले?"

"तू नाई इचारलं. पन माह्याच्यानं होत नाई, बाई." सर ओशाळून हसले. "रोज सकाळी म्हनतो, अदिन्नादाना वेरमणी. जे दिलं नाई थे घेनार नाई. आता हातच पुढं जात नाई."

वस्तीतल्या विहारात वंदनेला पुढे बसून त्यांनीच दोन पिढ्यांकडून पंचशील घोटून घेतलं होतं. त्यांची थट्टा करावी तर जीभ रेटत नव्हती, आणि खेळ तर पुढे सरकत नव्हता.

"तुमी इचारतच राहा, सर," पांडुरंगराव म्हणाले. कापसाच्या सौद्यात मुरलेला माणूस तो. "मले बरंच हाय."

रूपालीनं पुन्हा सरांच्या गुंजा ओढल्या. सुरजला राहवेना.

"अवो सर, इचारलं तर कोन देईन?"

सर भिंतीलगतच्या बाकाकडे बघत राहिले. तिथं त्यांची बायको, कौशल्याबाई, मांडीवर डबा घेऊन बसली होती.

पुढच्या आठवड्यात हैदराबादला तिची किडनी सरांना बसवायची होती. रक्तगट जुळला होता, सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. धावपळ प्रगतीनं, त्यांच्या मुलीनं केली. ती बोट ठेवी तिथं कौशल्याबाईंनी सह्या केल्या. जुळल्याचा फोन आला त्या दिवशी घरात खीर झाली, ती कौशल्याबाईंनीच केली. बाई असावी तर अशी, असं वस्ती म्हणाली. सरांनाही तसंच वाटलं. तिला विचारावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. सरांच्याही नाही.

ते उठले.

"सर, तुमची पाळी हाय," सुरज म्हणाला.

"थांब जरा."

बाकावर बायकोशेजारी बसून त्यांनी घसा साफ केला.

"प्रगतीची माय, तुही किडनी घेऊ काय मी?"

ती हसली. "आता काऊन इचारून राह्यले? समदं ठरलं ना."

"ठरलं. पन मी इचारलं नव्हतं. घेऊ काय?"

कौशल्याबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग खाली बघतच त्यांनी मान आडवी हलवली. आपल्याला नीट दिसलं नाही, असं सरांना वाटलं.

"नाई?"

"मले लय भेव वाटते वो." आवाज इतका बारीक होता, की सरांना वाकावं लागलं. "तुमाले आजवर कशालेच नाई म्हनलं नाई मी. हे बी म्हनलं नसतं. तुमी इचारलं म्हनून."

सरांना जगायचं होतं, अगदी हावरटासारखं जगायचं होतं. प्रगतीच्या लग्नाचं नाव काढलं असतं, तर बायकोची मान उभी हलली असती. हे दोघांनाही ठाऊक होतं. तो शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. पण ज्या तोंडानं विचारलं, त्याच तोंडानं तिला कोंडीत कसं धरायचं? ते नुसतं "बरं" म्हणाले.

"प्रगतीले काय सांगू मी?" तिचे डोळे भरून आले होते. "थे जीव घेईन माहा."

"तू काईच सांगू नको. मीच नको म्हनलं, असं सांगतो."

आतून सरांच्या नावाची हाक आली. त्यांनी चपला काढल्या आणि टेबलाकडे न बघता ते आत गेले.

त्यांची खाट दाराजवळची. दाराच्या काचेतून बाक दिसत होता. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, सुया टोचल्या, यंत्र सुरू झालं. बाहेर कौशल्याबाईंनी डबा उघडला. महिनाभर तिला अन्न जात नव्हतं. आपल्या काळजीनं तिचं असं होतंय, हे सर येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगत आले होते. तिनं भाकर मोडली, वांग्याच्या भाजीत बुडवली आणि एक मोठा घास घेतला. मग दुसरा. डोळे पुसायलाही ती थांबत नव्हती.

"दुखून राह्यलं काय, सर?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाई," सर म्हणाले. बाहेर तिनं दुसरी भाकर घेतली.