डोमाची पायली बोलतेय

मी डोमाच्या घरची पायली. बिज्याच्या लाकडाची, मूल गावच्या मुखरू सुताराने कोरलेली. बुडाला जरा वाकडी झाले, म्हणून डोमाने दोन आणे कमी दिले. जन्मल्याबरोबर मी घासाघीस ऐकली ती अशी.

मोजमापासाठी जन्मले, पण अडतीस वर्षं कोर्टात बसले. कशी, ते ऐका.

एकसष्ट साली गावच्या पंधरा घरांनी वेचलेली मोहफुलं डोमाकडे जमा केली. डोमा माझ्यानेच मोजायचा, काठावरून हात फिरवून, सपाट. भरल्या बाराशे पायल्या. मग मूलच्या करीमशेठचा माणूस गाडी घेऊन आला. त्यानेही मलाच उचललं. त्याच्या मोजणीत भरल्या हजार! पैसेही हजाराचेच आले. गाव म्हणालं, दोनशे डोमाने खाल्ल्या. डोमा म्हणाला, शेठने चोरल्या. शेठ म्हणाला, डोमा खोटारडा. झाली केस.

मला लाखेचा शिक्का लागला. वकिलांनी तीनदा माझं पोट मोजलं, उंची मोजली. मधल्या काळात एका झुरळाने माझ्या पोटात नातवंडं पाहिली. डोमा गेला, शेठ गेला, तारखा राहिल्या.

नव्याण्णव साली लोकअदालत भरली. साहेब म्हणाले, "चिंचेखाली बसा, बोला, चारच्या आत सांगा." शिक्का फोडून मलाही तिथं ठेवलं. एकीकडे डोमाची लेक बुधरी, दुसरीकडे शेठचा मुलगा बाबूभाई.

"बाई, पाच हजार घ्या अन् मिटवा."

"पैसे ठेवा तुमचे. गाव अजून माह्या बापाले चोर म्हणते. तो खोटा नव्हता, हे लिहून द्या."

"मंग माहे अब्बा चोर ठरतेत ना! ते नाई होनार."

दोघांनी तोंडं फिरवली. बुधरीने वकिलासाठी थैलीभर मोहफुलं आणली होती. बाबूभाई जातीचा व्यापारी; रिकामं माप बघून त्याचे हात शिवशिवले. त्याने मला भरलं आणि वर टोकदार ढीग चढवला.

"हे काऊन? हात फिरवा ना!" बुधरी म्हणाली.

"कायले? आमच्या दुकानात घेताना शीग, देतानाही शीग."

"आमच्यात सपाट."

मग बुधरीने शीग पाडून बाजूला ठेवली. पुन्हा भरलं, पुन्हा पाडली. मग मला रिकामं करून बाजूच्या शिगा माझ्यात ओतल्या. पाच शिगांत मी काठोकाठ भरले!

तिने बोटं मोजली. "पाचाले एक. हजाराले दोनशे. भाऊ, तुमचा बापही खरा, माहाही खरा!"

बाबूभाई हसता हसता रडला. तीनदा पोट मोजणाऱ्यांनी माझ्या डोक्यावर काय बसतं, हे विचारलंच नव्हतं!

"तरी फुलं तर आमची जास्त गेली," बुधरी डोळे पुसत म्हणाली. "घरामागं दहा पायल्या तांदूळ द्या."

"पाच!"

"अडतीस वर्षं झाली, भाऊ."

"बरं, आठ. पण सपाट."

"शीग!"

"शीग तर शीग!"

कागदावर पहिली ओळ बुधरीने सांगितली: डोमाने खाल्लं नाही, करीमशेठने चोरलं नाही.

बाबूभाई स्वतः तांदूळ घेऊन गावात आला. डोमाला पहिल्यांदा चोर म्हणणारा सोमाजी आता पार वाकलाय. बुधरीने पहिली पायली त्यालाच घातली, सांडेपर्यंत शीग लावून. "पुरे व बाई," तो मान खाली घालून म्हणाला. "राहू दे काका, माह्या बापाकडून आहे," ती म्हणाली.

आता मी तिच्या चुलीजवळ असते. काठाला चीर गेलीय, तरी माप सोडलेलं नाही. लागले तर खुशाल न्या मला. फक्त भरण्याआधी समोरच्याला विचारा, सपाट की शीग? एवढं विचारायला अडतीस वर्षं लागत नाहीत.