शिडी मागायला या

मित्रांनो, वायरमनच्या घरात शिरलात की दारामागच्या बोळात भिंतीशी आडवं टेकवलेलं जे लांबलचक लाकूड दिसतं, ती मी. शिडी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण वर्षातले बहुतेक दिवस माझ्यावर टॉवेल वाळत असतात.

एका सुताराने चौकटींतून उरलेल्या सागाच्या पट्ट्यांपासून मला घडवलं. वायरमनने माझ्या पायऱ्यांवर पाय आपटून पाहिले आणि मला खांद्यावर घेतलं. पुढे बाजारात हलक्या ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या, तरी त्याने मला सोडलं नाही. "कोरड्या लाकडातून वीज जात नाही. हिला टाकली तर मला कोण सांभाळेल?" असं तो म्हणायचा. मधली एक पायरी तडकली तेव्हा त्याने दुसऱ्या लाकडाची बसवली. तिचा रंग अजून जुळलेला नाही.

खरा माझा दिवस मात्र वर्षातल्या मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी असायचा. त्या दिवशी आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची माळ लागे. माळ विकतची नव्हती. वायर वायरमनची आणि बल्ब प्रत्येक घरातला एक, तोही वापरातला. त्यामुळे एक पिवळा, एक लाल, एखादा न्हाणीघरातला काजळलेला, असा सगळा प्रकार असे. वायरमन मला खांद्यावर घेऊन दारोदार ओरडत जायचा, "बल्ब काढा हो, बल्ब!" माझं मागचं टोक त्याची लहान लेक धरायची. तो तिला बुटकी म्हणे.

इस्त्रीवाले काका दरवर्षी हटकून गेलेला बल्ब द्यायचे.

"काका, यंदा तरी जिवंत द्या की."

"तुझा हात लागला की पेटेल रे!"

मग वायरमन वर चढायचा आणि बुटकी माझ्या खालच्या पायरीवर दोन्ही पाय रोवून उभी राहायची. "हलायचं नाही. तू हललीस तर मी खाली," तो वरून सांगायचा. नाकावर माशी बसली तरी ती हलायची नाही.

या रिवाजात एक गोष्ट होती. ज्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलेलं असेल, त्या घरी वायरमन सगळ्यांत आधी जायचा. शिंपीणकाकूंचे यजमान गेले त्या वर्षी काकू दारातच म्हणाल्या, "यंदा आमचा राहू दे."

"तुमच्यापासूनच सुरुवात आहे, वहिनी. थांबतो मी."

आणि तो खरंच थांबला, मला खांद्यावर घेऊन. शेवटी काकूंनी आत जाऊन शिलाई मशीनवरचा बल्ब काढून आणला.

पुढे वायरमनचे गुडघे दुखू लागले. रोजची कामं सुटली आणि मी बोळात पडून राहिले. सुट्टीच्या आदल्या दिवशी मात्र टॉवेल बाजूला व्हायचे. दोघांनी जागा तेवढ्या बदलल्या होत्या. नोकरी करणारी लेक वर चढायची आणि बाप खालच्या पायरीवर उभा राहून वरच्या कामात चुका काढायचा.

यंदा उन्हाळ्यात वायरमन गेला.

सुट्टीचा आदला दिवस आला. लेकीने सकाळीच स्वयंपाकघरातला बल्ब काढला, ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या फडक्याने पुसला आणि दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. स्वयंपाक तिने खिडकीतल्या उजेडात केला. दुपार झाली तरी दार वाजलं नाही. तिसऱ्या प्रहरी खिडकीबाहेर इस्त्रीवाले काका हळू आवाजात बोलताना ऐकू आले.

"माळ नको यंदा. पोरीला बघवणार नाही."

"शिवाय शिडी तिच्याच घरात," शिंपीणकाकू म्हणाल्या. "मागायची तरी कुठल्या तोंडाने?"

मित्रांनो, त्यांचं मन चांगलंच होतं. पण इतकी वर्षं मागायचं काम एकट्या वायरमनचं होतं. ते दुसऱ्या कुणी शिकूनच घेतलं नव्हतं.

लेकीने खिडकीच्या आतून ते ऐकलं. मग तिने माझ्यावरचे टॉवेल काढले आणि ती मला ओढायला लागली. दाराशी बोळाला एक वळण आहे. तिथे मागचं टोक कुणीतरी उचलून धरावं लागतं. ते नेहमी तीच धरायची. आज ती पुढे होती आणि मागे कोणी नव्हतं. व्हायचं तेच झालं. मी अर्धी घरात आणि अर्धी गल्लीत, रस्ता अडवून अडकले.

"अहो ताई, जायचं कुठून?" सायकलवरचा दूधवाला घंटी वाजवू लागला.

"उडून जा," लेक म्हणाली आणि मला पुन्हा ओढू लागली.

इस्त्रीवाले काका दुकानातून धावले. "अगं थांब, भिंत खरवडशील!" ते माझ्याखालून वाकून आत शिरले आणि त्यांनी मागचं टोक उचललं. मी सुटले. गल्लीत आल्यावर काका अवघडून उभे राहिले.

"बल्ब आणा, काका," लेक म्हणाली. "जिवंत आहे ना यंदा?"

काका हसले, मग डोळे पुसत दुकानात शिरले.

तिने मला खांबाला टेकवलं आणि स्टुलावरचा बल्ब घेतला. सुरुवात त्याच्यापासून होती. दोन पायऱ्या चढून ती थांबली आणि तिने खाली पाहिलं. खालची पायरी रिकामी होती. तेवढ्यात गळ्यातली टेप सावरत शिंपीणकाकू आल्या आणि माझ्यावर दोन्ही पाय रोवून उभ्या राहिल्या. मी कुरकुरले.

"चढ गं बुटके. माझं वजन आज तरी कामी येऊ दे."

माळ लागली. मधला एक बल्ब पेटला नाही. कुणाचा ते सांगायला नको.

मित्रांनो, मला ऊन-पाऊस दाखवू नका, माझे खिळे सैल होऊ देऊ नका, हे सांगायला हवंच. पण त्याहून एक मागणं आहे. ज्या घरातलं माणूस गेलं आहे, त्या घराला जपायचं म्हणून दुरून जाऊ नका. दार वाजवा. काय बोलावं ते सुचलं नाही, तर शिडी मागा. आत कुणीतरी बल्ब पुसून ठेवलेला असतो.