उपाशी वाघोबा

“मावशी, आत बघण्यासारखं काही आहे का? की नुसतेच पुतळे?”

विरारहून आलेल्या बाईंनी विचारलं आणि नवसीची रोजची पंचाईत झाली. ती दारात तिकिटं फाडायची, आतली झाडलोट करायची; पण या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. आत कुडाच्या भिंती होत्या, कणगी होती, उखळ-मुसळ होतं, खुंटीला फुंकून वाजवायचा तारपा टांगलेला होता. म्हणजे मासवणच्या पलीकडे, पाड्यावरच्या तिच्या घरात जे होतं तेच. फरक इतकाच, की घरच्या उखळात ती भात कांडायची आणि इथल्या उखळाला कोणी हात लावला तर हेमांगीताई ओरडायच्या. तुझं घर बघण्यासारखं आहे का, असं कोणी आपल्यालाच विचारलं तर माणसाने सांगायचं तरी काय?

“हाय की,” ती म्हणाली. “बघा ना. सावली पण हाय.”

बाई सावलीसाठी आत गेल्या.

केळव्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शैलेशशेटचा पानमळा होता. पानवेलींना दिवस बरे राहिले नाहीत तेव्हा त्यांनी आधी तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, आणि मग मागच्या अंगाला हे ‘वारली विश्व’ संग्रहालय उभं केलं. माणूस हौशी, बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. पण पर्यटक समुद्रात डुंबायचे, भजी खायचे आणि संग्रहालयाच्या पाटीखाली उभे राहून एकमेकांना विचारायचे, जायचं का? बोईसरच्या कारखान्यांतली मंडळी रविवारी यायची, तीही दारातूनच डोकवायची. “अंदर क्या है, मौसी?” आणि उत्तराची वाट न बघता किनाऱ्याकडे सुटायची. कोणीतरी मोबाइलवर लिहून ठेवलं होतं, ‘वेळ वाया. पुतळे आणि धूळ.’ धुळीचं वाचून शेटच्या सूनबाई, म्हणजे हेमांगीताई, नवसीवर चिडल्या. पुतळ्यांचं वाचून शेट जेवले नाहीत.

तिथली एकच वस्तू खरोखरची जुनी होती. वाघोबाची फळी. जाड सागवानी, वर कोरलेला वाघ, त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य, खाली साप. ती नवसीच्याच पाड्याची. डोंगराच्या पायथ्याशी नवा रस्ता आला आणि वाघोबाची जागा त्यात गेली, तेव्हा भगताने देवाला विनवून ओढ्याकाठच्या नव्या फळीत नेलं, तिथे कोंबडं दिलं. जुनी फळी पडून राहिली. देव निघून गेला की मागे उरतं ते लाकूड. शेटनी पाड्यावरच्या जाणत्यांना विचारूनच ती उचलली. तेव्हा टेम्पोत चढवायला नवसीनेही हात लावला होता. “न्या शेट,” ती म्हणाली होती, “लाकूडच हाय.” आणि खिडकीवरून फिरवावं तसं रोज त्या फळीवरून फडकं फिरवत होती.

घोळ झाला तो वाघबारशीला.

दिवाळीच्या तोंडावर वाघोबाला शेंदूर लावायचा, कोंबडं द्यायचं, आणि वर्षभर आमच्या वाटेला येऊ नको म्हणून सांगायचं, हे नवसीने जन्मात कधी चुकवलं नव्हतं. तिचा बापच भगत होता. या वर्षी मात्र सुट्ट्यांची गर्दी होती.

“नवसी, ऐन सीझनमध्ये रजा कशी देऊ गं?” हेमांगीताई म्हणाल्या. “संध्याकाळी घरी जाऊन कर ना.”

“संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं, ताई.”

“मग देवाला सांग, शेटनी सोडलं नाही.”

ती कामावर आली, पण जीव लागेना. दुपारी दालन रिकामं झालं. पालघरच्या बाजारातून घरासाठी घेतलेली शेंदराची पुडी पिशवीत होती. पाड्यावरचा देव इथून दिसत नव्हता. समोर ही फळी होती. नवसीने डोक्याच्या तेलात शेंदूर कालवला, वाघाच्या कपाळाला लावला आणि बापाच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत त्याला हाक दिली. लांब, चढत जाणारी हाक. बाप गेल्यापासून ती तिने कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि आपल्या गळ्यातून ती इतकी सरळ निघेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला बरं वाटलं. तेवढ्यात वसईच्या महिला मंडळाचा घोळका आत आला आणि ती तिकिटं फाडायला धावली.

दारात पोहोचल्यावर तिला बापाचं बोलणं आठवलं. बाप सांगायचा, वाघोबाला उगाच बोलवायचं नाही. बोलावलं तर जेवू घालायचं, आणि जेवला की हात जोडून त्याच्या रानात परत पाठवायचं. उपाशी पाहुण्याला कोणी जा म्हणत नाही, तसं त्यालाही म्हणता येत नाही. तिने शेंदूर लावून लाकडात देव जागा केला होता, आणि त्याच्यापुढे शिताचा कणसुद्धा ठेवला नव्हता.

उद्या गुपचूप एखादं कोंबडं आणू, असं ठरवून ती घरी गेली. पण सकाळीच शेटनी तिला ऑफिसात बोलावलं. समोर कॅमेऱ्याचा पडदा, त्यात फळीसमोर उभी नवसी. गेली नोकरी, असं तिने धरलंच.

“नवसे,” शेट म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता, “हेच नव्हतं गं आपल्याकडं. लोक म्हणतात काय बघायचं? हे बघा म्हणावं.”

तेव्हापासून खेळ सुरू झाला. दिवे मंद करायचे, पाहुणे गोल उभे, मधोमध नवसी. ती शेंदूर लावायची, हाक द्यायची. बायका अंगावर काटा आला म्हणून एकमेकींना दंड दाखवायच्या. मोबाइलवर ताऱ्यांची रांग लागली: ‘केळव्याला गेलात तर हे चुकवू नका.’ दारातला तो जुना प्रश्नच बंद झाला. आता लोक विचारायचे, मावशी, वाघोबा कधी येणार?

हे ऐकलं की नवसी फळीकडे बघायचं टाळायची.

कॅमेऱ्यासमोर गुपचूप कोंबडं कापता येणार नव्हतं, म्हणून तिने शेटना गाठलं. “एक कोंबडं द्यायला लागंल, शेट.”

“अगं, सुरतेची, वापीची माणसं येतात. निम्मी कांदा पण खात नाय.”

“त्यांच्यासमोर नाय. सकाळी, कोणी नसताना.”

“आणि रक्त कोण पुसणार? हेमांगी मला घराबाहेर काढील.” मग शेट जरा नरमले. “असं काय करतेस? लाकूड हाय म्हणून तूच नाय का बोललीस?”

“तवा व्हतं लाकूड,” नवसी म्हणाली.

शेट हसले नाहीत, पण ऐकलंही नाही. नवसीने मग उकडलेलं अंडं डब्यातून आणून फळीमागे सारलं. त्याला मुंग्या लागल्या, हेमांगीताईंनी नाक धरून ते बाहेर फेकलं, आणि डबा दालनात नेण्यावर बंदी आली. वाघोबा काही अंड्यावर भागवणाऱ्यांतला नव्हता, हे नवसीलाही कळत होतंच.

तिकडे पाड्यावर गवतकापणी सुरू झाली. तिचा नवरा नवशा रोज डोंगरावर जायचा. गवत कापणारा माणूस उकिडवा बसतो, मान खाली, पाठ रानाकडे. लांबून जनावराला तो माणूस वाटत नाही, बकरी वाटते. ओढ्याच्या ओल्या मातीत ठसे दिसले. मग शेजारच्या तानीचा कुत्रा नाहीसा झाला. साखळी तेवढी खुंट्याला राहिली. नवसीने ती साखळी पाहिली आणि घरी येऊन नवशासमोर बसली.

“बसून कापू नको,” ती नवशाला म्हणाली.

“उभ्यानं कापायला तो काय नारळ हाय?”

“मग काही दिवस नको जाऊ.”

“दरसाल येतो गं बिबट्या. गवत निघालं का त्याची लपायची जागा जाते, मंग खाली उतरतो.” नवशा विळ्याला धार लावत म्हणाला. “आन वाघोबाला दिलाय ना आमी कोंबडा. मीच धरलेला.”

तुमच्या वाघोबाला दिलात, नवसीच्या ओठांवर आलं. माझा उपाशी हाय. पण ती बोलली नाही. आधी भीतीने बोलली नव्हती आणि आता उशीर झाला होता. शिवाय जे ऐकून नवशा डोंगरावर सारखा मागे बघत बसेल, ते त्याला सांगून काय साधणार होतं?

एका दुपारी तिचा खेळ नुकताच संपला होता. माणसं टाळ्या वाजवत होती. हेमांगीताई लगबगीने आत आल्या आणि त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. तानी होती.

“नवसे, डोंगरावर माणूस धरला. पालघरच्या दवाखान्यात नेलाय.”

“कोण?”

“कळत नाय गं. नवशा पण तिकडंच व्हता. त्याचा फोन घरात वाजतोय.”

हेमांगीताईंनीच रिक्षा थांबवली, पाण्याची बाटली हातात दिली. वाटेत माहीमच्या वाड्या गेल्या, फाटक लागलं, गाडी जाईपर्यंत रिक्षा उभी राहिली. नवसी मनातल्या मनात सारखं एकच म्हणत होती, त्याला नको, मला धर, मी बोलावलं, मला धर. रिक्षावाला आरशातून बघत होता. तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोलतोय.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर नवशा बसला होता. सदरा छातीपासून खालपर्यंत रक्ताने भरलेला. ती खालच्या पायरीशीच थांबली.

“माझं नाय,” तो म्हणाला. “मिथुनचं हाय.”

मिथुन त्यांच्या शेजारचा, लग्नाला वर्षही न झालेला. खांद्याचा लचका गेला होता, पण जीव वाचणार होता. नवशाने आरडाओरडा करून, गवताचा भारा अंगावर फेकून जनावर पळवलं होतं. हे तो पुन्हापुन्हा सांगत होता. गडी असा घाबरलेला तिने कधी पाहिला नव्हता. ती त्याच्याजवळ बसली, त्याचा हात धरला, आणि तेव्हाच तिच्या मनात आलं, जेवला. आता त्याला परत पाठवता येईल.

असा विचार आपल्याला सुचावा याची तिला इतकी लाज वाटली की आत जाऊन मिथुनकडे बघायची तिची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन कामावर आली. दालन उघडायच्या आधी फळीसमोर हात जोडले आणि आजवर न म्हटलेले शेवटचे शब्द म्हटले. जेवलास, आता तुझ्या रानात जा, आमचा माणूस ओळखून सोड. मग तेलाने चोळचोळून सगळा शेंदूर काढला. किती थर साचले होते. खालून जुनं करडं लाकूड वर आलं, वाघाचे डोळे पुन्हा नुसते कोरलेले दिसू लागले.

शेट दारात उभे राहून बघत होते. त्यांना मिथुनचं कळलं होतं.

“आता नाय करणार मी, शेट. झाडू मारीन, तिकिटं फाडीन.”

“नको करू,” शेट म्हणाले. ओरडतील असं तिला वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. “तू दमलीयस. आज घरी जा, नवशाजवळ बस.”

तिला इतकं हलकं वाटलं की जाता जाता ती त्यांच्या पाया पडली. दारात एक कुटुंब उभं होतं.

“काय हो, बघण्यासारखं आहे का आत?”

“लाकूड हाय,” नवसी म्हणाली. “जुनं हाय. बघा.”

रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडाशी ती पालघरच्या रिक्षासाठी थांबली. ऊन चढलं होतं. रिक्षा आली, तिने पाय वर टाकला, आणि मागून हाक आली.

लांब, चढत जाणारी. तिचाच आवाज. कधी खेळ चालू असताना शेटनी तो मोबाइलमध्ये धरून ठेवला होता आणि आता कर्ण्यावर लावला होता. शेटना त्यात वावगं काही वाटलं नसणार. बाई दमली होती, तिचे कष्ट वाचत होते.

“मावशी, बसतेस ना?” रिक्षावाला म्हणाला.

नवसीने आपले हात पाहिले. फळीवरचा शेंदूर तिने पुसून काढला होता, कणभर ठेवला नव्हता. तो आता फक्त एकाच जागी होता, तिच्या नखांत.

“तू जा बाबा,” ती म्हणाली आणि पाय खाली घेतला.

ती दगडाशी बसली. काटकीने नखं कोरली, पदराने पुसली. लाल रेघ जाईना. मागे कर्णा एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. हे हात घेऊन घरी गेलं, तर त्या हाकेला येणारा वास काढत कुठे येणार हे तिला दिसत होतं. ओटीवर नवशा असेल, रात्रभर न झोपलेला, पाठ रानाकडे करून. मग तिने बोटं दगडावर घासायला सुरुवात केली. घासत राहिली. कातडं सोललं, आग झाली, आणि रक्ताचे थेंब दगडाच्या माथ्यावर पडले.

नवसी ते पुसणार होती. पण तिने पुसले नाहीत. हात जोडले.

“घे बाबा, जेव,” ती हळू म्हणाली. “आन जा.”

येणारे-जाणारे गाडीतून बघत होते. तिने बोटांना पदर गुंडाळला आणि पुढच्या रिक्षाची वाट बघत उभी राहिली. मागे, मळ्याच्या आतून, तिचा आवाज त्याला पुन्हा बोलावत होता.