बहरबाबांना लागलेला चुना

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खालच्या पायरीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसंच माणसं, आणि प्रत्येकाच्या कडेवर कुंडी. त्या गर्दीतच रंगारी शिडी लावून भिंतींना चुना मारत होता आणि "अहो, अंगाला लागेल!" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता? वर साक्षात बहरबाबा बसले होते!

बहरबाबांची कीर्ती अशी की न फुलणारं झाड त्यांच्या खोलीत चाळीस दिवस ठेवावं आणि फुलांसकट घरी न्यावं. रोज ते झाडाला माठातलं निळसर तीर्थ घालत. शिंपीकाकांच्या अँथुरियमने तीन वर्षं नुसती पानं दिली होती. बाबांकडे गेल्यावर त्याला सहा लालभडक फुलं आली. काका इतके हरखले की त्या भरात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तीन बाह्या लावल्या.

"मी काहीच करत नाही," बाबा डोळे मिटून सांगत. "मी फक्त ओततो. ही निळाई आकाशातून उतरते, माठात मुरते आणि मुळांशी बोलते."

"काय बोलते, बाबा?"

"ते मुळांनाच कळतं."

लोक धन्य होत. कुंड्यांच्या कडेला पांढरी पूड जमे, तिला बाबा भस्म म्हणत आणि लोक ती कपाळाला लावत. एखाद्या झाडाच्या पानांची टोकं करपली तर "याला तेज पेललं नाही" असं ठरे. थोडक्यात काय, फुललं तर बाबांची कृपा आणि करपलं तर झाडाचं पाप!

या रांगेत नळीताई मावशीचा हात धरून उभी होती आणि आतल्या आत धुमसत होती. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव तिला आवडायचं. मावशीने तिला लहानाचं मोठं केलं होतं. त्या मावशीच्या उजव्या डोळ्यात दोन वर्षांपूर्वी जखम झाली आणि बुबुळावर पांढरा डाग राहिला. लोक त्याला फूल पडणं म्हणतात. उद्या, सोमवारी, शस्त्रक्रियेची तारीख होती. मावशीने परस्पर फोन करून ती रद्द केली होती.

"अगं, जो फूल आणतो, त्याला फूल काढता येणार नाही?" मावशीने सकाळीच विचारलं होतं.

"मावशी, ते फूल वेगळं आणि हे फूल वेगळं!"

"फूल ते फूल."

नळीताईने कपाळावर हात मारला. "मग बटाट्याच्या डोळ्यांनाही चष्मा लाव!"

"तुझ्या नळ्यांना श्रद्धा कळत नाही," मावशी म्हणाली आणि चपला घालून निघाली.

बाबांनी तिला बुधवारी एक छोटी बाटली दिली होती. माठात न मिसळलेलं 'मूळ तीर्थ', गडद निळं. ते तीन दिवस खिडकीत ठेवायचं आणि रविवारी बाबा स्वतःच्या हाताने डोळ्यात घालणार. शनिवारी नळीताईने त्यातलं चमचाभर गुपचूप शाळेत नेलं होतं. एक थेंब काचेवर वाळवला, तर मागे स्फटिक राहिले. उरलेल्यात चुना घालून ते गरम केलं आणि नाकाला झिणझिण्या येईपर्यंत हुंगलं. तिला सगळं कळलं. पण मावशीला नुसतं सांगून उपयोग नव्हता. तिला नाकाने कळायला हवं होतं.

"काका, वाटीभर चुना द्या," तिने रंगाऱ्याला म्हटलं.

"कशाला?"

"बाबांना लावायचाय."

रंगारी असा खदखदून हसला की शिडी हलली आणि खालच्या आजोबांच्या टोपीवर दोन शिंतोडे उडाले. त्याने वाटी काठोकाठ भरून दिली.

तिसऱ्या मजल्यावरची बाबांची खोली म्हणजे मोठ्या खिडक्यांचं लखलखीत दालन होतं. प्रत्येक खिडकीला पांढरा पातळ पडदा आणि पडद्यामागे कुंड्यांच्या रांगा. मावशी पाटावर बसली. बाबांनी एका हातात बाटली आणि दुसऱ्यात ड्रॉपर घेतला.

"एक शंका आहे, बाबा," नळीताई नम्रपणे म्हणाली. "तीर्थात चुना पडला, ते विस्तवावर ठेवलं, तर ते बिघडतं का?"

"वेडे! अग्नीने ते उजळतं!" बाबा गर्दीकडे बघून गरजले.

"मग उजळूया की."

तिने पिशवीतून स्पिरिटचा दिवा आणि दुसरी, रिकामी वाटी काढली, बाबांच्या हातातल्या बाटलीतलं थोडं तीर्थ तिच्यात ओतून घेतलं, त्यात रंगाऱ्याचा चुना कालवला आणि वाटी चिमट्यात धरून दिव्यावर धरली. गर्दी टाचा उंचावून बघू लागली. आधी काहीच झालं नाही. मग पुढे वाकलेले शिंपीकाका एकदम मागे उडाले.

"अरे देवा! हा तर मुतारीचा वास!"

वास रांगेतून जिन्याने खाली उतरला. तिसऱ्या मजल्यावर नाकं दाबली गेली, दुसऱ्यावर लोक एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, तळमजल्यावर कुणीतरी "मी नाही हं!" असं ओरडलं.

"वाईट शक्ती बाहेर पडते आहे!" बाबा खोकत म्हणाले.

"ही शक्ती नाही, अमोनिया आहे," नळीताई म्हणाली. "हे फुलझाडांचं खत. दुकानात पुडीत मिळतं, पाण्यात विरघळतं, आणि निळा रंग कारखान्यातूनच येतो. काका, तुमचं अँथुरियम कुठे असायचं?"

"इस्त्रीच्या मागे. अंधारात."

"आणि खत?"

"खत कशाला? रोज पाणी घालायचो की!"

"म्हणजे बिचारं तीन वर्षं अंधारात उपाशी होतं. इथे त्याला उजेड मिळाला, जेवण मिळालं, ते फुललं. खत जास्त झालं की पानांची टोकं करपतात. आणि ते भस्म म्हणजे खताचं मीठ. पाणी उडून जातं, मीठ कडेला राहतं. तुम्ही इतके दिवस कपाळाला खत लावताय!"

"तरीच!" एक टकले गृहस्थ हळहळले. "मी डोक्यालाही लावलं. काहीच उगवलं नाही."

सगळी खोली हसत सुटली. एकटी मावशी हसली नाही. तिने बाबांच्या हातातली बाटली आणि ड्रॉपर घेतला, ड्रॉपर भरला आणि शांतपणे त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, मला दोनच डोळे आहेत आणि त्यातला एकच चालतो. आधी तुम्ही घाला. एकच थेंब."

"माझ्या डोळ्यात... फूल नाहीये, माउली."

"मग भीती कसली?"

बाबांनी ड्रॉपरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि दाराची निवड केली. ओल्या भिंतींना घासत ते तीन मजले उतरले. रस्त्यावर पोचले तेव्हा पाठीला मानेपासून टाचेपर्यंत पांढराशुभ्र चुना लागला होता. इतके दिवस लोकांना लावला, शेवटी त्यांनाही लागला.

खोलीत मावशी अजून ड्रॉपर धरून उभी होती. "मी हे डोळ्यात घालणार होते गं," ती म्हणाली. नळीताईने तिला घट्ट जवळ घेतलं, आणि दिवसभर रोखलेलं तिचं स्वतःचं रडू तिथेच फुटलं.

मावशीने सोमवारी सकाळी स्वतः फोन करून पुन्हा तारीख मागून घेतली. चार महिन्यांनी ती खिडकीशी बसून, डावा डोळा हाताने झाकून, नुसत्या उजव्याने खताच्या पुडीवरची अक्षरं वाचत होती. बारीक अक्षरं अजून धूसर होती, पण ठळक ओळ तिने मोठ्याने वाचली: "एक लिटर पाण्यात पाव चमचा. पंधरा दिवसांतून एकदा." पुढे तिच्या कुंडीतल्या अँथुरियमला नवी कळी आली होती.

आता शेजारीपाजारी कुणी नव्या बाबाची, नव्या पाण्याची, नव्या अंगाऱ्याची गोष्ट सांगत आलं की मावशी भांडत नाही. एवढंच म्हणते, "त्यात काय घातलंय ते विचारा. आणि आधी त्यांच्याच डोळ्यात घालायला सांगा."