वास गेला त्या आठवड्यात

माझी नात मिरी अकरा वर्षांची आहे. संध्याकाळी ती माझ्या खोलीत येते आणि खांद्याला टेकून अभ्यास करते. तिच्या अंगाला माशांसारखा वास येतो. तो औषधाचा आहे.

शरीरातली चरबी पेशींच्या भट्टीपर्यंत वाहून न्यायला कार्निटीन नावाचा हमाल लागतो. शरीर तो अमिनो आम्लांपासून बनवतं. मिरीच्या अंगात तो टिकत नाही, लघवीवाटे निघून जातो. मग चरबी असूनही स्नायू उपाशी राहतात, हृदयसुद्धा. म्हणून दिवसातून तीनदा हे औषध. पुस्तकांतून मला एवढंच उमगलं, बरोबर असावं. हेच औषध व्यायामशाळेतले लोक शरीर पिळदार करण्यासाठीही घेतात. औषधवाला दर वेळी म्हणतो, "काय आजोबा, दंड दाखवा की!" मी नुसता हसतो.

अकरावं लागल्यापासून चमचा मिरी स्वतःच भरते. माझी मुलगी, म्हणजे तिची आई, दिवसभर कामावर असते, आणि तिला तो वास आता सवयीने जाणवतही नाही.

त्या सोमवारी वास आला नाही. मला वाटलं, माझं नाकच गेलं. या वयात एकेक अवयव रजेवर जातोच. कुणाला सांगायचं? चार दिवस गप्प राहिलो.

शुक्रवारी एक जुनं पुस्तक उघडलं, तर बांधणीच्या खळीचा कुबट वास थेट डोक्यात गेला. नाक ठणठणीत होतं! तेवढ्यात जिन्यावर मिरीची पावलं वाजली. मध्येच थांबली. पुन्हा वाजली.

"मिरे, औषध घेतलंस?"

"घेतलं."

"माझ्याकडे बघून सांग."

"तुम्ही कुठे बघता कुणाकडे?"

खरं होतं. मी पुस्तक मिटलं आणि तिच्याकडे बघत राहिलो.

"मोरीत ओतते, सोमवारपासून. मी वर्गात आले की खिडक्या उघडतात. म्हणतात, आला मासळीबाजार."

फोनवर बोलायचं मी एरवी टाळतो. त्या दिवशी मुलीशी बोललो, रुग्णालयाशीही बोललो. संध्याकाळीच आम्ही मिरीला तिथे नेलं.

"हृदय थकलंय, पण वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वास कमी करायला उपाय असतात. आधी का नाही विचारलंत?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मागच्या तपासणीला मिरीला मीच आणलं होतं. हाच प्रश्न कागदावर लिहून आणला होता. बाहेर रांग होती, प्रश्न क्षुल्लक वाटला, कागद खिशातच राहिला.

"माझंच चुकलं," मी म्हणालो.

रुग्णालयात औषध पुन्हा सुरू झालं. चौथ्या दिवशी मिरी खाटेवर उठून बसली आणि माझ्या खांद्याला टेकली.

"येतोय का हो, आजोबा?"

"येतोय."

"खूप?"

"थोडा."

ती बाजूला सरकली. मी तिला पुन्हा जवळ ओढलं.