तिसाची चाल

बाईंची नोकरी कायम होणार की नाही, ते आजच्या तासावर ठरणार होतं. तीन वर्षं हंगामी म्हणून काढली की माणूस खडू मोडल्याच्या आवाजानेही दचकतो. त्यात तपासनीस साहेब मागच्या बाकावर मुकाट बसायचे सोडून थेट फळ्यापाशी आले.

"खेळातून विभाजक शिकवता म्हणे. चला, मीच खेळतो!"

फळ्यावर एक ते तीस आकडे होते. एकाने आकडा घ्यायचा, तेवढे गुण त्याचे. त्या आकड्याला ज्यांनी पूर्ण भाग जातो, ते बाकीचे सगळे आकडे समोरच्याचे. समोरचा एखादा विसरला, तर तोही पहिल्याचाच. साहेबांसमोर उभी राहिली वर्गातली सगळ्यात बारक्या आवाजाची मुलगी, चिमणी.

साहेबांनी ऐटीत सगळ्यात मोठा आकडा घेतला. "तीस!"

वर्गात खसखस पिकली. पहिल्याच चालीला तीस घेणं म्हणजे आपण होऊन डाव दुसऱ्याच्या घशात घालणं, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबांना. हसू ऐकून त्यांच्या कपाळावर आठी चढली आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

चिमणी भराभर गोल करत सुटली. एक, दोन, तीन, पाच, सहा, दहा. सत्तावीस झाले. आता पंधरा घेतला की बेचाळीस, आणि साहेब भर वर्गात चीत! तिने खुशीत बाईंकडे पाहिलं. साहेबांच्या पाठीमागून बाईंनी हळूच मान हलवली. नको.

चिमणीने खडू खाली ठेवला.

"पंधरा विसरलीस की!" साहेब खुलले. वहीत लिहिता लिहिता म्हणाले, "मुलं रमतात हो, पण विभाजक काही येत नाहीत."

चिमणीचे डोळे भरून आले. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, तिला येतं. मीच तिला खुणेने थांबवलं. तुम्ही हरला असतात."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग लिहिलेली ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि वही सहीला पुढे केली. 'मुलांना विभाजक पक्के येतात. बाईंना कायम करण्याचा विचार पुढच्या वर्षी.'

बाईंनी निमूट सही केली. मग खडू उचलून चिमणीच्या हातात दिला. "कर पुरं."

चिमणीचा हात पंधराजवळ जाऊन थांबला. तिने आधी साहेबांचा चेहरा पाहिला, मग बाईंचा.

"बाई, आता बरोबर लिहिलं तर चालेल ना?"